एअर रायफलसाठी स्वस्त रेड डॉट: उघडा की बंद नळीचा?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. 10 मीटर एअर रायफल स्पर्धेत रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारा, नेम धरायचा साइट) चालत नाही, तिथे पीप साइटच (बारीक भोकातून नेम धरायची) लागते. शेतावर कागदी टार्गेटवर नेम धरायचा असेल, तर पुढचं कामाचं आहे.

कमी किमतीत दोन प्रकार मिळतात. उघड्यात एकच काच आणि तिच्यामागे उघड्यावर बसलेला एलईडी. तो हलका असतो, नजरही पटकन लागते. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळ एलईडीवर बसते आणि ठिपका पसरट दिसू लागतो. बंद नळीत हा त्रास नाही, बाहेरची काच साफ केली की झालं. तीही घरच्या टेरी टॉवेलने पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, नाहीतर कोटिंगवर ओरखडे पडतात. आमचं मत नळीच्या बाजूने आहे.

टिकण्याचा खरा प्रश्न झटक्याचा. स्प्रिंगची रायफल आधी मागे ढकलते आणि पिस्टन आदळला की पुढे. या उलट्या झटक्याने स्वस्त साइटमधली सेटिंगची स्प्रिंग सैल पडते, बॅटरीची पत्री दबते. छर्रा सुटताना ठिपका लुकलुकला तर दोष बहुधा पत्रीचा. सेल काढून ती किंचित वर उचला. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलला असा झटका नाही, तिच्यावर तोच साइट जास्त टिकतो.

परत करायची मुदत संपण्याआधी हे तपासा. भर दुपारी चुन्याच्या भिंतीवर पूर्ण उजेडात ठिपका दिसतो का? तो चांदणीसारखा दिसला तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. तिथे गोल असेल तर दोष डोळ्याचा. मग 10 मीटरवर 3 छर्रे मारा. 20 क्लिक (सेटिंगच्या स्क्रूचे टप्पे) वर, 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, दर वळणावर 3 छर्रे. एमओए म्हणजे अंशाचा 60 वा भाग; 1 एमओएचा क्लिक इथे 2.9 मिमी सरकतो, म्हणजे चौकोनाची बाजू सुमारे 5.8 सेंमी यावी आणि शेवटचे छर्रे पहिल्यांपाशीच पडावेत. नाही पडले तर माल परत करा, जुळवत बसू नका.

थोडं बजेट वाढत असेल तर बुशनेल टीआरएस-25 (ठिपका 3 एमओएचा) आणि सिग सॉअर रोमिओ 5 (ठिपका 2 एमओएचा) बघा. दोन्हींना सीआर2032 सेल लागतो. रोमिओ 5 हलवला की आपोआप चालू होतो आणि आयपीएक्स7 आहे, म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं राहिला तरी चालतो. रोजच्या वापराला आम्ही तोच निवडू.

माउंट मात्र आधी मोजा. बहुतेक रेड डॉटचा पाया 21 मिमी पट्टीचा असतो, एअर रायफलला 11 मिमी डवटेल (तिरक्या कडांची खाच). ॲडॉप्टर स्टॉप पिनवालाच घ्या आणि पिन रायफलच्या भोकात बसवा, नाहीतर साइट छर्‍यागणिक मागे सरकत जातो.