पहिला बेस संच: आपलीच जुनी छत्री, मित्राचा संच की कोरा नवा?

भाच्याने मागच्या आठवड्यात तीन फोटो पाठवले. खाली एकच ओळ: "मामा, यातलं कुठलं?"

भाचा पुण्याचा, सध्या कॅलिफोर्नियात नोकरीला. विमानातून मारलेल्या उड्या २१४, आणि आता त्याला बेस जंपिंग करायचंय, म्हणजे इमारत, अँटेना, पूल किंवा कडा अशा स्थिर जागेवरून उडी. बहुतेक शिक्षक या वर्गात घेण्याआधी विमानातून दोनेकशे उड्या झालेल्या असाव्यात असं सांगतात, तेव्हा घोडं अगदीच अवेळी उधळलेलं नाही. मी आयडाहोत बॉइसीला राहतो. ट्विन फॉल्सचा पेरीन पूल इथून गाडीने दोन तासांवर. त्यावरून वर्षभर कधीही, परवाना न काढता कायदेशीर उडी मारता येते, म्हणून नवशिके जगभरातून तिथे येतात. त्यातले मराठी बोलणारे फिरून फिरून माझ्याकडे येतात आणि हाच प्रश्न विचारतात.

फोटोतले पर्याय असे. एक, त्याची स्वतःची स्कायडायव्हिंगची कॅनपी, म्हणजे छत्रीचं कापड: हवा भरून फुगणाऱ्या नऊ कप्प्यांची, १७० चौरस फुटांची. दोन, एका मित्राचा जुना बेस संच: सात कप्प्यांची, २२० ची, व्हेंट (खालच्या कापडातली हवेची भोकं) नसलेली कॅनपी आणि व्हेल्क्रोने बंद होणारा कंटेनर, म्हणजे छत्री ठेवायची पाठीवरची पिशवी. किंमत नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तीन, कोरा संच: सात कप्प्यांची, २६० ची, व्हेंटवाली कॅनपी आणि पिनने बंद होणारा कंटेनर. हे प्रकरण तीन लाख रुपयांच्या पुढेमागे जातं.

आपलीच छत्री वापरली तर?

हा पर्याय आधी निकालात काढू, कारण पैसे वाचवायला पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात हाच येतो.

विमानातून उडी मारल्यावर दहा-बारा सेकंदांत माणूस ताशी १९०-२०० किलोमीटरच्या वेगाला पोचतो. त्या वेगात छत्री एकदम उघडली तर हाडं खिळखिळी होतील. म्हणून स्कायडायव्हिंगची कॅनपी मुद्दाम सावकाश उघडेल अशी बनवतात. उघडता उघडता ती कित्येक शे फूट खाली येते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण खाली हजारो फूट शिल्लक असतात आणि पाठीवर राखीव छत्री असते.

पेरीन पूल पाण्यापासून ४८६ फूट उंच आहे. छत्री उघडलीच नाही तर खाली पोचायला साडेपाच-सहा सेकंद लागतात, बस. दोन सेकंद थांबून पायलट शूट, म्हणजे मोठ्या छत्रीला बाहेर ओढणारी छोटी छत्री, सोडलं तर तोवर साधारण ६५ फूट गेलेले असतात आणि वेग जेमतेम ताशी ७० किलोमीटर. एवढ्याशा वाऱ्यावर छत्री ताबडतोब आणि सरळ समोर तोंड करून उघडायला हवी. राखीव छत्री बेसच्या संचात नसतेच, कारण ती उघडायला वेळच उरत नाही. नऊ कप्प्यांची लांबट, चपळ कॅनपी उघडताना तोंड फिरवण्याची शक्यताही जास्त. तेव्हा त्याची १७० ची छत्री विमानासाठीच राहू दे.

आधी माप, मग बाकीचं

खरी तुलना दुसऱ्या आणि तिसऱ्या संचाची. लोक इथे लगेच ब्रँडवर घसरतात: स्क्विरलची आउटलॉ बरी की एपेक्सची फ्लिक? माझ्या मते हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न वजनाचा.

भाचा ७२ किलोचा. कपडे, हेल्मेट, संच धरून उडी मारताना ८२ किलो, म्हणजे १८० पौंड. बेसमध्ये नवशिक्यासाठी दर चौरस फुटाला ०.७ पौंडाच्या आसपास भार असावा असा रूढ हिशोब आहे. १८० ला ०.७ ने भागलं की २५७ येतात. २६० ची कॅनपी बरोबर बसते. मित्राची २२० ची घेतली तर भार ०.८२ वर जातो. आकडा लहान वाटतो, पण पुढे जायचा वेग आणि खाली येण्याचा वेग दोन्ही वाढतात, आणि उतरायची जागा विमानतळालगतचं गवताळ मैदान नसते. पेरीनखाली एका बाजूला स्नेक नदी, दुसऱ्या बाजूला दगड आणि मधे जमिनीची पट्टी. भाचा म्हणतो, "मी विमानातून एकच्या वर भार घेऊन उतरतोच की." उतरतोस, पण सपाट जागेवर, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा बघून, दोन-तीन मिनिटं आखणी करून. इथे छत्रीखाली मिळणारा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर.

म्हणजे मित्राची कॅनपी मापातच मार खाते. मित्र ६० किलोचा आहे. त्याच्यासाठी ती उत्तमच होती.

व्हेंट असावेत की नसावेत

समजा मित्राची कॅनपी २६० ची असती, तर? तर गंमत आली असती, कारण या मुद्द्यावर जुने आणि नवे जंपर एकमेकांशी भांडतात.

साध्या कॅनपीत हवा फक्त पुढच्या तोंडातून शिरते. व्हेंटवालीत खालच्या कापडालाही झडपा असलेली भोकं असतात. छत्री नुकतीच उलगडत असते तेव्हा हवा खालूनही घुसते, कप्पे लवकर फुगतात आणि लवकर ताब्यात येतात. तोंड भलतीकडे वळून छत्री उघडली तर मागचे रायझर (छत्रीच्या दोऱ्या खांद्याशी जोडणारे पट्टे) ओढून तिला थोपवायचं, मागे सरकवायचं, वळवायचं असतं. त्या वेळी आतली हवा टिकणं फार कामाचं. ब्रेक खोल ओढून अरुंद जागेत हळूहळू उतरतानाही तोच फायदा. तोटे तीन: वजन थोडं वाढतं, घडी जाड होते आणि किंमत चढते.

पुलाला भिंत नसते. तोंड उलटं वळलं तरी समोर मोकळी हवाच असते, त्यामुळे नुसत्या पुलासाठी साधी कॅनपी चालून जाते. या क्रीडाप्रकाराची कित्येक वर्षं अशाच कॅनपीवर गेली. पण पुलावर कायम कोण राहतं? भाच्याच्या डोक्यात सह्याद्री आहे, हे मला त्याने न सांगताही कळतं. लहानपणी मीच त्याला हरिश्चंद्रगडावर नेलं होतं. कोकणकड्यावरून सोडलेला रुमाल वाऱ्याने परत वर येतो, हे त्याने टाळ्या पिटत पाहिलंय. तोच वारा पायलट शूटशी आणि नुकत्या उघडणाऱ्या छत्रीशी काय खेळ करेल, ते त्याने आता मोठेपणी पुन्हा मनात आणून बघावं. कड्यावर तोंड वळलं की समोर खडक येतो. व्हेंटचे पैसे त्या दोन सेकंदांसाठी मोजायचे. पुढे कधीही कड्याकडे वळणार असाल तर पहिलीच कॅनपी व्हेंटवाली घ्या, या बाजूचा मी आहे.

व्हेल्क्रो आणि पिन

यात मला फार रस नाही, पण लोकांना असतो. व्हेल्क्रोचा कंटेनर कमी वेगात हलक्या ओढीने सुटतो, समजायला सोपा. मात्र व्हेल्क्रो झिजतं आणि वेळच्या वेळी बदलावं लागतं. पिनचा कंटेनर घट्ट बसतो आणि पुढे लांब, वेगाच्या उड्यांनाही चालतो. फक्त बंद करायचा लूप, म्हणजे पिन ज्यात अडकते तो दोरीचा फास, किती ताणायचा हे नीट शिकून घ्या. लूप फार ताठ आणि पायलट शूट लहान असं जुळलं तर कमी वेगात पिन सुटायला उशीर होतो. आज बहुतेक लोक पिनकडे गेलेत. नवीन घेणाऱ्याने पिनच घ्यावा.

भाच्याने इथे एक डोकं लढवलं: नवी कॅनपी घ्यायची आणि मित्राचा कंटेनर स्वस्तात उचलायचा. कागदावर छान. पण कंटेनर २२० च्या साध्या कॅनपीच्या घडीला शिवलेला आहे. २६० ची व्हेंटवाली त्यात कोंबली तर ती सहज बाहेर येणार नाही. शिवाय हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, मित्राच्या अंगाचा. अंगाला नीट न बसणारा हार्नेस म्हणजे रायझर हाताला सापडायला उशीर. आधी कॅनपी ठरवायची, मग तिच्या मापाचा कंटेनर आणि आपल्या अंगाचा हार्नेस. उलट क्रमाने गेलं की असंच होतं.

ज्याकडे कुणी बघत नाही

पायलट शूट हा संचातला सगळ्यात स्वस्त मोठा भाग, आणि फोटोत तो कुणीच दाखवत नाही. स्कायडायव्हिंगचं असतं त्यापेक्षा बेसचं बरंच मोठं. पेरीनवरच्या कमी वेळाच्या उड्यांना ४६ किंवा ४८ इंची, तीन-चार सेकंदांना ४२ च्या आसपास, त्याहून लांब कड्यांना ३८, ३६, ३२ असं उतरत जातं. कमी वेगात लहान शूट घेतलं तर छत्री वेळेत ओढली जात नाही. जास्त वेगात मोठं घेतलं तर झटका जोरात बसतो आणि उघडणं बिघडतं. मित्राच्या संचासोबत एकच ३६ इंची आहे. म्हणजे मित्र तो संच मुख्यतः उंच कड्यांवर वापरत होता. पुलासाठी शूट वेगळं घ्यावंच लागलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्रेकची दोरी सोडता येणारे टॉगल, म्हणजे ब्रेक ओढायच्या मुठी. कमी उंचीच्या उडीत स्लायडर (छत्रीचं उघडणं सावकाश करणारा, दोऱ्यांवरून सरकणारा कापडाचा तुकडा) खाली बांधतात किंवा काढूनच टाकतात. अशा वेळी ब्रेकची दोरी कॅनपीच्या पुढून वर जाऊन अडकण्याचा धोका असतो. दोरी सोडून देता आली तर मागच्या रायझरांवर छत्री चालवून उतरता येतं. जुना संच कुणीही दाखवला तर हे टॉगल आहेत का ते विचारा. मग कॅनपी कधी पाण्यात भिजली होती का, तेही. आणि कापड किती उड्यांचं आहे. या कापडातून उड्यांगणिक हवा जास्त जास्त झिरपू लागते आणि उतरताना ब्रेक ओढले तरी छत्री हवी तशी थांबत नाही.

मग काय सांगितलं

नवा संच चांगला आहे, माप बरोबर आहे, पण आत्ता तोही घेऊ नकोस. पहिल्या उडीचा वर्ग चालवणारे बहुतेक लोक संच भाड्याने देतात. पहिल्या उडीला शिक्षक स्वतः पायलट शूट हातात धरतो, म्हणजे उडी मारताच छत्री ओढली जाते. तिथे चार-पाच दिवस दुसऱ्याच्या कॅनपीवर घालवले, रोज पाच-सहा वेळा घडी घातली, दरीतून पायी वर चढून आलास, की तुझं तुलाच कळेल २६० हवी की २४५, आणि मुळात हवी का. काही जण तिसऱ्या दिवशी आनंदाने विमानाकडे परत जातात. त्यांच्या घरी तीन लाखांची पिशवी पडून नसते.

मित्राला मी भाच्याकडूनच कळवलं की संच साठ किलोच्या आसपासच्या कुणाला तरी दे. भाचा थोडा हिरमुसला. मग त्याने मे महिन्यातल्या वर्गाचे पैसे भरले आणि घोट्याला आधार देणारे बूट, कडक कवचाचं हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड मागवले. बूट पोचल्याचा फोटो काल आला. एक नंबर लहान आलेत, परत पाठवतोय.