टी-बकेट किट घ्यावं का? घरच्या गॅरेजात रोडस्टर बांधणाऱ्यांसाठी परीक्षण

पहिलीवहिली हॉट रॉड (जुन्या गाडीचा साचा घेऊन मोठं इंजिन बसवलेली वेगवान गाडी) घरीच बांधायची असेल, तर अमेरिकेत आजही सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे फायबरग्लासचं टी-बकेट किट. १९२३च्या फोर्ड मॉडेल टीच्या आकाराची छोटी बॉडी, मागे आखूड केलेला पिकअपचा हौदा, उघडं इंजिन आणि पुढे सडपातळ चाकं, एवढीच ही बिनछपराची गाडी, म्हणजे रोडस्टर. दोन गाड्यांच्या गॅरेजात ती आरामात मावते आणि तीन-चार मित्र शनिवार-रविवार हाताशी असतील तर उभीही राहते. आमचं मत आधीच सांगतो: किट जरूर घ्या, पण पुढचा अॅक्सल, ब्रेक आणि रेडिएटर या तीन बाबतींत किटवाला देईल ते मुकाट्याने बसवू नका.

मूळ मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात निघाली आणि दीड कोटीच्या वर खपली. तिचं 'बकेट' झालं ते १९५०च्या दशकात, कॅलिफोर्नियात. नॉर्म ग्राबोव्स्की याने टीचा पुढचा अर्धा भाग घेतला, मागे फोर्डच्याच मॉडेल 'ए'चा कापलेला हौदा लावला आणि मध्ये कॅडिलॅकचं व्ही-८ इंजिन ठेवलं. १९५७ साली ती गाडी 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर आली. आज मिळणारं जवळपास प्रत्येक किट त्याच बांध्याची नक्कल आहे.

साध्या किटमध्ये दोन बाय तीन इंची चौकोनी नळीची चासी, बॉडी, हौदा, पुढचा अॅक्सल आणि स्टिअरिंगचं सामान येतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, चाकं, टायर, वायरिंग, गाद्या आणि रंग हे बहुधा वेगळं घ्यावं लागतं. त्यामुळे किटची किंमत बघून हुरळू नका. ऑर्डर देण्याआधी यादी घेऊन बसा आणि कुठला नट-बोल्ट कोणाकडून येणार ते प्रत्येक ओळीपुढे लिहा. चासी पूर्ण वेल्ड केलेली मागवायची की नुसती टाचलेली, हेही तेव्हाच ठरवा. मित्रांपैकी कोणी वेल्डिंगचंच काम करत असेल तरच टाचलेली घ्या. पुढच्या स्प्रिंगचा आधार या गाडीत चासीच्या टोकाला, अॅक्सलच्या मागे असतो आणि पुढचा सगळा भार त्या एका वेल्डवर टांगलेला असतो. तिथे शिकाऊ हात नको.

आता पुढचा अॅक्सल. किटची खरी पारख इथे होते. बहुतेकांत चार इंच ड्रॉपचा (म्हणजे मधला भाग टोकांपेक्षा तेवढा खाली असलेला) गोल नळीचा अॅक्सल येतो आणि तो धरून ठेवायला दोन पर्याय असतात: हेअरपिन (केसांच्या पिनेसारखा, अॅक्सलला घट्ट आवळलेला दांडा, दर बाजूला एक) किंवा फोर-बार (दर बाजूला दोन समांतर बार, एकूण चार). हेअरपिन दिसायला फार देखणी, जुन्या काळाची. पण एकच चाक खड्ड्यात गेलं की अॅक्सलला पीळ बसतो. आय-बीम (इंग्रजी 'I'सारख्या छेदाचा) अॅक्सल थोडा पिळतो आणि तो ताण पोटात घेतो. गोल नळी पिळत नाही, त्यामुळे सगळा ताण हेअरपिनच्या ब्रॅकेटवर येतो आणि काही काळाने तिथे चीर जाते. म्हणून नळीच्या अॅक्सलला फोर-बार आणि हेअरपिनच हवी असेल तर आय-बीम. किटवाल्याने नळी आणि हेअरपिन अशी जोडी दिली असेल, तर बदलून मागा.

कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचा) वरच्या टोकाने मागे झुकलेला कोन, सहा ते आठ अंश ठेवा. किंगपिनच्या बॉसवर (अॅक्सलच्या टोकाच्या जाड भागावर) डिजिटल कोनमापक टेकवून मोजता येतो. त्याहून कमी ठेवलात तर सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, स्टिअरिंग सोडल्यावर आपोआप मधोमध येत नाही. बारांच्या टोकांचे आटे फिरवून कॅस्टर जुळवताना डाव्या आणि उजव्या बाजूला सारखेच फेरे द्या. आणि रॉड-एंडचा (बाराच्या टोकाला बसणाऱ्या सांध्याचा) आटा आत किती गेलाय ते बघा. पाच-अष्टमांश इंचाच्या आट्याला निदान एक इंच पकड हवी. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत मात्र चार-पाच वेढ्यांवर चाक लटकलेलं असू शकतं. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे जेवढी झुकलेली असतात ते माप, एक-षोडशांश ते एक-अष्टमांश इंच. त्यासाठी अलाइनमेंटच्या दुकानात जायची गरज नाही. टायरच्या मध्यावर खडूने रेघ मारा, एकाने पुढे आणि एकाने मागे टेप धरा, मागचं माप पुढच्यापेक्षा तेवढंच जास्त आलं की झालं.

टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा आडवा दांडा) अॅक्सलच्या मागेच असू द्या. स्टिअरिंग आर्म (चाकाला टाय रॉडशी जोडणारे हात) असे हवेत की किंगपिनपासून टाय रॉडच्या टोकातून ओढलेल्या दोन्ही रेषा मागच्या अॅक्सलच्या मध्याकडे जाऊन मिळाव्यात. जागा सापडत नाही म्हणून काही जण तेच आर्म उलटे करून टाय रॉड पुढे आणतात. मग वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं ते कमी वळतं, आणि पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग काटलं की पुढचे टायर कुरकुरत घासले जातात.

टी-बकेटच्या रचनेत स्टिअरिंग बॉक्स बहुधा कॉर्व्हेअर या शेवरोलेच्या जुन्या गाडीचा असतो आणि तो 'रिव्हर्स' केलेला असावा लागतो. तसाच मूळचा बसवला तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाकं उजवीकडे जातात. बोल्ट आवळण्याआधी पुढची चाकं उचलून एकदा फिरवून बघा. पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या हातापासून) डाव्या चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक तिथल्या बाराला शक्य तितकी समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीची हवी. नाहीतर अॅक्सल वर-खाली होताना दोघांचे कंस जुळत नाहीत आणि प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंगला हिसका बसतो. वेगा या शेवरोलेच्याच दुसऱ्या गाडीचा बॉक्स लावून ड्रॅग लिंक आडवी नेणार असाल तर पॅनहार्ड बार (अॅक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) लागतोच. पुढची स्प्रिंग म्हणजे आडवा पाटा, तो शॅकलवर (झुलत्या कड्यांवर) असल्याने अॅक्सल दोन्ही बाजूंना सरकू शकतो, आणि प्रत्येक सरकणं थेट स्टिअरिंगमध्ये जाणवतं. स्टिअरिंग थरथरतं म्हणून डँपर लावून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्याने थरथर झाकली जाते, तिचं कारण तसंच राहतं.

ब्रेकबाबत तडजोड नको. जुन्या टी-बकेटांना पुढे ब्रेकच नसायचे आणि आजही काही किटांत पुढचे डिस्क 'ऐच्छिक' म्हणून लिहिलेले असतात. ते ऐच्छिक समजू नका. दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा भाग) घ्या, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी धरते. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) नसेल तर पेडलचं गुणोत्तर साधारण सहास एक हवं. इथे नवख्यांची हमखास फसगत होते. मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापेक्षा) खालच्या पातळीवर येतो. पाय काढला की तेल हळूहळू मागे उतरतं, आणि पुढच्या वेळी पेडल दोनदा मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही. उपाय म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह: डिस्कच्या लाइनला दोन पीएसआयचा, ड्रमच्या लाइनला दहाचा. दहाचा चुकून डिस्कला लागला तर पॅड कायम घासत राहतात आणि चाक तापतं. दोन्ही व्हॉल्व्ह आकाराने सारखेच असतात, तेव्हा बसवण्याआधी वरचा आकडा वाचा. लाइन तीन-षोडशांश इंची पोलादी, टोकांना डबल फ्लेअर (दोनदा दुमडून पसरवलेलं तोंड). तांब्याची नळी वापरू नका आणि फ्लेअरच्या आट्यांवर टेप गुंडाळू नका. हवा काढायला दोघं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी. मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं असा क्रम. 'दाब', 'सोड' असं मोठ्याने बोलत करा आणि चाकाशी असलेलं हवा काढायचं निपल बंद होईपर्यंत पेडलवाल्याने पाय उचलायचा नाही.

इंजिनाच्या जागी बहुतेक जण स्मॉल ब्लॉक शेवरोले ३५० (घनइंची) इंजिन आणि टीएच ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावतात. भाग सगळीकडे मिळतात, हेच मोठं कारण. अडचण एकच: शेवरोलेचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) इंजिनाच्या मागे असतो आणि टीची फायरवॉल (इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यातली भिंत) तिथेच येते. एचईआय या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या डिस्ट्रिब्युटरची मोठी टोपी बॉडीला टेकते, त्यामुळे लहान टोपीचा घ्या किंवा फायरवॉलला खोलगट जागा करून घ्या. टोपी पूर्ण काढता आली पाहिजे, नुसती बसून चालत नाही. फोर्ड ३०२ला डिस्ट्रिब्युटर पुढे असल्याने हा प्रश्नच येत नाही. गाडी जेमतेम आठशे किलोची, तेव्हा मागच्या अॅक्सलला ४.११सारखं गुणोत्तर घेण्यात अर्थ नाही. २९ इंची टायरवर ताशी ६० मैलांना ४.११ने इंजिन सुमारे २८५० फेरे घेतं, ३.०८ने सुमारे २१४०. टीएच ३५०ला ओव्हरड्राइव्ह नाही, हे धरून ठरवा. गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचा शाफ्ट अगदी आखूड असतो, त्यामुळे कोन चुकला की लगेच थरथर. गिअरबॉक्सची शेपूट तीन अंश खाली तर पिनियनचं (मागच्या अॅक्सलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) तोंड तीन अंश वर, दोन्ही समांतर. स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर घ्या आणि त्या मापाचा शाफ्ट बनवा. खाली सेफ्टी लूप (तुटलेला शाफ्ट अडवणारं कडं) लावा, कारण शाफ्ट तुमच्या बसण्याच्या जागेला खेटूनच फिरत असतो.

नव्या इंजिनाला फ्लॅट टॅपेट कॅम (ज्याच्या उंचवट्यांवर सपाट टॅपेट घासत चालतात) असेल तर पहिली सुरुवात मित्रांना बोलावूनच करा. आधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, सोळाही रॉकरवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांवर) तेल दिसेपर्यंत. तेल जास्त झिंकचंच. सुरू झालं की लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर नेऊन वीस-तीस मिनिटं ठेवा, आयडलवर (रिकाम्या मंद गतीवर) सोडू नका. कॅमच्या उंचवट्यांना तेल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं आणि आयडलला ते पुरत नाही. एकाने तापमानावर डोळा ठेवायचा, एकाने टायमिंग लाइट धरायचा, एकाने अग्निशामक घेऊन उभं राहायचं. इंजिन सुरू होऊन मग घोटाळत बसू नये म्हणून शेवरोलेची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ टेपवर लिहून व्हॉल्व्ह कव्हरला चिकटवून ठेवा.

रेडिएटर दिसायला बुटका आणि सुंदर असतो, पण ३५०ला किटमधला सर्वांत स्वस्त नग पुरत नाही. अॅल्युमिनियमचा रेडिएटर, मागून हवा ओढणारा मोठा पंखा आणि श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण), तिन्ही घ्या. श्राउड नसेल तर पंखा फक्त आपल्या गोलाएवढीच जाळी थंड करतो. कोपरे तापलेलेच राहतात.

बॉडीबद्दल. फायबरग्लासची बॉडी हलकी असते, तिघा-चौघांनी उचलून चासीवर ठेवता येते. पण ती चासीला थेट आवळू नका. मध्ये रबराचे पॅड आणि वर रुंद वायसर, नाहीतर बोल्टाभोवती चिरा पडतात. घेण्याआधी आतून हात फिरवून बघा: तळाला आणि फायरवॉलला प्लायवूड पूर्ण फायबरग्लासच्या मॅटने झाकलेलं आहे का, दरवाजाच्या कोपऱ्यांत जाडी पुरेशी आहे का. लाकूड उघडं राहिलं तर ओल धरतं आणि फुगतं. रंगाची घाई तर अजिबात नको. साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं मेण वर तसंच असतं. आधी वॅक्स रिमूव्हरने पुसा आणि मगच १८० नंबरचा पेपर मारा. उलट केलंत तर मेण घासून आत जातं आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखी भोकं उठतात. नवी बॉडी काही आठवडे उन्हात ठेवली तर तिचं आकसणं रंगाआधीच होऊन जातं.

फायबरग्लासमधून वीज जात नाही, हे वायरिंग करताना सगळेच एकदा तरी विसरतात. पत्र्याच्या गाडीत दिव्याला बॉडीच अर्थ देते, इथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मीटरला स्वतःची अर्थची वायर लागते. डॅशमागे एक अर्थ पट्टी लावा, तिथून जाड वायर चासीला आणि इंजिनापासून चासीला विणलेली पट्टी. इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट मिणमिणतो, अशी तक्रार आली तर आधी अर्थ तपासा.

उंच माणसांनी एक गोष्ट करावी: विकत घेण्याआधी कोणाच्या तरी तयार गाडीत बसून बघावं. सहा फुटांच्या पुढे गुडघे स्टिअरिंगला लागतात. लांब केलेल्या बॉडी मिळतात, थोडे जास्त पैसे पडले तरी त्याच घ्या.

कागदपत्रांसाठी किटसोबत मिळणारं उत्पादकाचं प्रमाणपत्र आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात एसबी १०० कायद्याखाली घरी बांधलेल्या गाड्यांना उत्सर्जन सवलतीची वर्षाला फक्त ५०० प्रमाणपत्रं मिळतात, तिथे राहत असाल तर गाडी कधी पूर्ण होणार याचा हिशेब त्यावर करा. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी जुन्या गाडीवर हाच प्रयोग करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला ते मनाई करतं.

पहिली चक्कर गल्लीतच, ताशी वीस मैलांनी. परत आल्यावर चारही चाकांना हात लावून बघा, कुठलं एक जास्त तापलंय का. साधारण पन्नास मैलांनी हेडरचे (इंजिनाच्या एक्झॉस्ट नळ्यांचे) बोल्ट, पाट्याचे यू-बोल्ट, पिटमन आर्मचा नट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. किंगपिनपासून टाय रॉडपर्यंत प्रत्येक कॅसल नटमध्ये कॉटर पिन आहे आणि तिचे दोन्ही पाय वळवलेले आहेत, हे टॉर्च घेऊन बघा. हे काम गाडी बांधणाऱ्याने करू नये. ज्याने तो नट आवळलेला नाही अशा मित्राला खाली झोपवा.