मोडेमचं आपोआप डायल होणं बंद केलं, त्याला दहा महिने झाले

गेल्या गणेशचवथीच्या चार दिवस आधीची गोष्ट. मावशी बेळगावहून रात्री दहापासून साडेअकरापर्यंत आमचा नंबर लावत होती. गोव्याचा कोड ०८३२ लावून पुढचे आकडे फिरवायचे आणि दर वेळी एंगेज. काकांच्या छातीत दुखू लागल्याने त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. आम्हाला कळलं ते सकाळी, पदेर, म्हणजे पाववाला, पाव देऊन गेल्यावर, शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा. मी मात्र पावणेदहालाच ब्राउझर बंद करून जेवायला उठलो होतो. मोडेम फोनच्याच लाइनवरून नंबर फिरवून संगणकाला इंटरनेट जोडून देतो, आणि तोवर फोन एंगेज राहतो. त्या रात्री त्याने आपोआपच लाइन धरून ठेवली होती. काका बरे झाले, पण आईचा त्या सकाळचा चेहरा आठवला की अजून पोटात गोळा येतो.

गोव्यातल्या साखळीच्या आमच्या घरात फोनची एकच लाइन आहे. एक जोडणी हॉलमध्ये, दुसरी माझ्या खोलीत, तिथेच ५६ केचा इंटर्नल मोडेम असलेला संगणक. सिस्टम विंडोज एक्सपी. त्या आठवड्यात बसून मी सगळ्या सेटिंग पाहिल्या. मोडेमला 'लाव फोन' म्हणून सांगणाऱ्या जागा एक नव्हे, चार निघाल्या. त्यातली एक बंद केली की उरलेल्या तीन आपलं काम करतच राहतात. ज्यांना 'सेटिंग बदलली तरी परत डायल होतंय' असं वाटतं, त्यांचं बहुधा इथेच चुकतं.

पहिली जागा सगळ्यांना माहीत असते. कंट्रोल पॅनेलमधले इंटरनेट ऑप्शन्स, त्यात कनेक्शन्स. तिथे तीन पर्याय आहेत, त्यांतला 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडायचा.

दुसरी जागा खुद्द कनेक्शनची. नेटवर्क कनेक्शन्समध्ये आपल्या कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ऑप्शन्स. तिथे 'रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड' अशी खूण असते. आमच्याकडे ती केलेली होती आणि खरा त्रास तिचाच होता. आई फोन करायला रिसिव्हर उचलायची, कानात तो खरखराट यायचा, लाइन तुटायची. ती रिसिव्हर ठेवायची की मोडेम लगेच पुन्हा नंबर फिरवायचा. 'फोनांत परतून तो आवाज येता रे' असं ती कितीदा म्हणाली असेल, आणि मी लाइनच खराब आहे असं समजून सोडून दिलं होतं. ती खूण काढली. रीडायल अटेम्प्ट्सचा आकडा शून्य केला. 'आयडल टाइम बिफोर हँगिंग अप' दहा मिनिटांवर आणला, म्हणजे मी विसरलो तरी लाइन सुटेल. खर्चाचाही मुद्दा होता: तुटून पुन्हा लागलेला प्रत्येक कॉल नवा कॉल धरला जायचा, त्याचा पल्स, म्हणजे बिल मोजायचं एकक, पहिल्यापासून मोजला जायचा. पावसात लाइन तासात पाचदा तुटली तर पाच जादा कॉल.

तिसरी जागा मेलची. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, जनरल. दर ३० मिनिटांनी नवी पत्रं पाहण्याची खूण, आणि तिच्या खालीच संगणक जोडलेला नसेल तर काय करायचं याचे पर्याय. तिथे 'डू नॉट कनेक्ट' हवं. आमच्याकडे ऑफलाइन असतानाही जोड, असं सांगून ठेवलेलं होतं. बहुतेक मीच केव्हातरी सोयीसाठी. त्याच ऑप्शन्समधल्या कनेक्शन टॅबवर पत्रं पाठवून-घेऊन झाली की फोन ठेवण्याची खूण आहे, तीही केली. या एका खुणेने मला सगळ्यात जास्त सुख दिलं.

चौथी जागा सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे विंडोज मागच्या मागे चालवते त्या प्रोग्रॅमांच्या यादीत. रिमोट अ‍ॅक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर. एखाद्या प्रोग्रॅमने बाहेरच्या जगातला पत्ता विचारला की कनेक्शन उभं करणं हे तिचं काम. अँटिव्हायरस असो की घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम, विचारणारा कोणीही चालतो. ती डिसेबल केली. इथे नाव नीट वाचा. तिच्या शेजारीच रिमोट अ‍ॅक्सेस कनेक्शन मॅनेजर असते, मध्ये 'ऑटो' नसलेली. पहिल्या दिवशी मी तीच बंद केली आणि मग इंटरनेट लागेचना. संध्याकाळभर मोडेमचे ड्रायव्हर काढत-घालत बसलो.

पावणेदोन महिने सगळं शांत होतं. मग दिवाळीत भाऊ पुण्याहून आला आणि दुसऱ्याच दिवशी डायलिंगचा बॉक्स पुन्हा समोर. मी हादरलोच. कारण साधं होतं: तो त्याच्या खात्यातून आत शिरला होता. इंटरनेट ऑप्शन्समधली निवड आणि आउटलुक एक्स्प्रेसच्या खुणा प्रत्येक युजरच्या वेगळ्या असतात, सर्व्हिस मात्र सगळ्या संगणकासाठी एकच. त्यामुळे घरात जितकी खाती, तितक्या वेळा पहिली आणि तिसरी जागा तपासायची. नेटवर्क कनेक्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड मेनूत डायल-अप प्रेफरन्सेस आहे, तिथली ऑटोडायल थांबवण्याची खूणही मी तेव्हाच करून टाकली.

मोडेमचा आवाज बंद करू नका, हे मला आवर्जून सांगायचंय. रात्री किंचाळतो म्हणून पुष्कळजण स्पीकर बंद करतात. मीही केला होता. आवाज असता तर त्या रात्री जेवतानाच मला कळलं असतं. आता आवाज मध्यम ठेवलाय, घरातल्या सगळ्यांना तो ओळखू येतो. कोणी न सांगता वाजला, तर ते लगेच विचारतात. अनोळखी डायलर प्रोग्रॅम संगणकात शिरून परदेशी नंबर फिरवतात, त्यांचाही पत्ता असाच लागतो. आम्ही आयएसडी, म्हणजे परदेशी कॉलची सोय, लॉक करून घेतलंय ते त्याचसाठी.

तोटा सांगायचा तर एकच. आता इंटरनेट हवं असेल तर दर वेळी आयकॉनवर डबल क्लिक करून डायल म्हणावं लागतं, थेट ब्राउझर उघडला तर कोरं पान दिसतं. बाबांना त्याची सवय व्हायला दोन आठवडे लागले. मी त्यांना आयकॉनचं नाव बदलून 'फोन लावा' करून दिलं, तेव्हापासून तक्रार नाही. अँटिव्हायरसचं अपडेट आपोआप येत नाही, ते मी रविवारी सकाळी लक्षात ठेवून करतो.

दहा महिन्यांत, ती दिवाळी सोडली तर, एकदाही आपोआप डायल झालेलं नाही. परवा मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. लाइन दोनदा तुटली, दोन्ही वेळा तुटलेलीच राहिली. विजा सुरू झाल्यावर मी नेहमीसारखी मोडेमची वायर भिंतीतून काढली, कारण त्या बाबतीत कुठलीच सेटिंग कामाची नाही. मग हॉलमध्ये जाऊन रिसिव्हर उचलून पाहिला, डायल टोन होता.