अ‍ॅनिमे क्लब: दर शुक्रवारी मालिका, की पंधरा दिवसांनी एक चित्रपट?

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, एकत्र बघायचा क्लब काढायचं ठरलं, वीसेक जण जमले, सरांनी सेमिनार हॉल द्यायचं कबूल केलं, की पुढचा प्रश्न येतो तो हाच: एक मालिका घेऊन दर आठवड्याला दोन-दोन भाग दाखवायचे, की पंधरा दिवसांनी एक अख्खा चित्रपट? पुण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी दोन्ही करून पाहिलं, एकेक सेमिस्टर.

अ‍ॅनिमेचा खरा जीव मालिकेत आहे, हे मला मान्यच आहे. चोवीसेक मिनिटांचे दोन भाग आणि थोड्या गप्पा, सव्वा तासात हॉल रिकामा. लांबून बसने येणाऱ्यांची सोय होते. भाग नेमका अटीतटीच्या वळणावर संपतो आणि मग आठवडाभर कँटीनमध्ये, प्रॅक्टिकलच्या आधी लॅबबाहेर तर्क चालतात. पात्रांचा असा लळा दोन तासांत लागत नाही.

आम्ही 'स्टाइन्स;गेट' घेतली. 2011 ची, 24 भागांची. म्हणजे बारा शुक्रवार, सेमिस्टरमध्ये बसेल असा हिशेब. परीक्षा, सबमिशन आणि गॅदरिंगमध्ये तीन शुक्रवार गेले, तेही एक वेळ चाललं असतं. मला खटकलं ते वेगळंच. ही कालप्रवासाची गोष्ट. सुरुवातीला नुसतं दिसून गेलेलं काहीतरी दहा भागांनंतर अर्थ धरतं. मध्येच आलेल्याला काय सांगायचं?

पाचव्या शुक्रवारी फर्स्ट इयरची एक मुलगी मैत्रिणीला घेऊन आली. मी दारातच मागचे आठ भाग सांगायला लागलो: मायक्रोवेव्ह, मोबाइलवरून भूतकाळात जाणारे मेसेज, त्यामुळे बदलणारं सगळं. दोघी माना डोलवत होत्या. दिवे मालवले तेव्हा मागच्या रांगेत दोन फोनचा उजेड दिसत होता. पहिला भाग संपला तशी त्यांनी बॅगा उचलल्या, "दादा, नंतर येतो" म्हणाल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. इकडे ज्यांनी हॉस्टेलवर पुढचे भाग संपवले होते, ते प्रसंग यायच्या आधीच एकमेकांकडे बघायचे. शेवटच्या शुक्रवारी आम्ही अकरा जण होतो, आणि अकराही पहिल्या दिवसापासूनचे.

पुढच्या सेमिस्टरला 'माय नेबर तोतोरो' लावला. 1988 चा, 86 मिनिटांचा. पावणेपाचला सुरू केला, सव्वासहाच्या आत संपला. बाहेर जुलैचा पाऊस, आणि पडद्यावर बसस्टॉपवर उभा तोतोरो, जंगलातला तो अवाढव्य केसाळ प्राणी, छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकून हरखून जातो; तिथे अख्खा हॉल हसला. आयुष्यात अ‍ॅनिमे न पाहिलेला मेकॅनिकलचा एक जण नंतर चहाला थांबला आणि सगळ्यांत जास्त तोच बोलला. सगळ्यांना गोष्ट सारखीच माहीत असली की नवख्यालाही बोलायला संकोच वाटत नाही.

चित्रपटाच्याही अडचणी आहेत. 'अ सायलेंट व्हॉइस' (2016) 130 मिनिटांचा. शेवटची पंधरा मिनिटं हॉस्टेलच्या वेळेपायी अर्ध्या मुलींना सोडावी लागली, याचं मला अजून वाईट वाटतं. शंभर मिनिटांच्या आतलेच निवडा. आणि आधी स्वतः बघा: 'परफेक्ट ब्लू' (1997) 81 मिनिटांत बसतो खरा, पण त्यातली हिंसा पाहता नव्या क्लबात मी तो लावणार नाही. शिवाय पंधरा दिवसांत उत्साह थोडा ओसरतो, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मालिकाच हवी असा आग्रह असेल तर 'मुशिशी' बघा. 2005-06 मधल्या 26 भागांत गिंको नावाचा, 'मुशी' या गूढ जीवांचा भटका जाणकार तेवढा समान. प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपते. कुणीही, कुठल्याही शुक्रवारी येऊन बसावं.

काहीही निवडलंत तरी क्लबची नोंद कॉलेजच्या उपक्रमांत करून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली, परवानगीशिवाय चित्रपट दाखवण्याची सवलत शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाला आहे, तीही प्रेक्षक विद्यार्थी, पालक, शिक्षक-कर्मचारी आणि उपक्रमाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या अटी वेगळ्या, त्याही वाचा. आणि आदल्या दिवशी त्याच केबलने, त्याच प्रोजेक्टरवर लावून बघा. अ‍ॅपवरून लावताना आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो, हे आम्ही चाळीस जणांसमोर अनुभवलं आहे.

तुमचे दहा-बारा जण पक्के असतील आणि तेवढ्यांतच रमायचं असेल, तर मालिका घ्या, मनापासून सांगतो. पण त्या दोघींसारखं कुणी पाचव्या शुक्रवारी दारात येईल असं वाटत असेल, तर मी तरी चित्रपटच लावेन.