फ्रान्सच्या वारसाकराच्या वह्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रान्समधली वंशावळ शोधणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, मृत्युनोंदीवर थांबू नका. त्यापुढची वारसाकराची वही उघडा.

माझं सासर मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांताचं, शेतकऱ्यांचं घराणं. तिथल्या गावोगावच्या मृत्युनोंदी 1792 पासून मिळतात. तारीख कळते, वय कळतं, बऱ्याचदा आईवडील आणि जोडीदारही. पण मागे कोण राहिलं, ते सहसा कळत नाही. ते कळतं करखात्याकडून. माणूस गेला की वारसांनी सहा महिन्यांत मालमत्ता जाहीर करायची, आणि कारकून मृतांचा अक्षरवार तक्ता ठेवायचा: ‘ताब्ल दे सुक्सेस्याँ ए आबसाँस’, म्हणजे वारसा आणि बेपत्ता व्यक्तींचा तक्ता. साधारण 1825 पासून 1960 च्या दशकापर्यंतचे हे तक्ते जिल्हा अभिलेखागारांत आहेत आणि अनेक जिल्ह्यांचे घरबसल्या, फुकट पाहता येतात. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याचंही नाव बऱ्याचदा सापडतं, शेजारी निर्धन असल्याचा शेरा.

तक्त्यातली तारीख आणि क्रमांक घेऊन मूळ जाहीरनाम्यापर्यंत जायचं. आपल्याकडच्या वारस फेरफारासारखंच ते, फक्त अधिक बोलकं. 1804 च्या नागरी संहितेने मुलामुलींना समान वाटा दिला, त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या लेकी, जावई, त्यांची गावं, धंदे सगळं येतं. मृत्युपत्र किंवा विवाहकरार असेल तर नोटरीचं नावही. आकड्यांबाबत मात्र सावध राहा: 1901 च्या कायद्यापर्यंत कर्ज वजा होत नसे, म्हणून श्रीमंती फुगलेली दिसते.

निपुत्रिकांकडे आधी बघा. नवऱ्याच्या एका अविवाहित पणजआत्याच्या जाहीरनाम्याने मला अख्खी भावंडं आणि भाचरं दिली. त्यांत एक पॅरिसला कोळसा विकणारा. ओव्हेर्न्यची कितीतरी माणसं या धंद्यात पॅरिसला गेली. 1860 आधीच्या पॅरिसच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी मे 1871 च्या आगीत जळाल्या, पुढे त्यांतल्या थोड्याच पुन्हा उभ्या केल्या गेल्या. तिथे एखाद्याच्या मरणाची तारीख हवी असेल तर या वह्यांना फार मोल आहे.

त्रासही आहे. तक्ते गावाप्रमाणे नाहीत, महसूल कचेरीप्रमाणे आहेत. आपलं गाव कुठल्या कचेरीत होतं ते आधी शोधावं लागतं. शिवाय 1901 पूर्वी जमीन जिथे, तिथल्या कचेरीत वेगळा जाहीरनामा, म्हणजे एकाच माणसासाठी दोन-तीन वह्या. अक्षर किचकट. आणि जाहीरनामे बहुतेकदा ऑनलाइन नसतात, वाचनकक्षात जावंच लागतं. भारतातून शोधणाऱ्याला हीच मोठी अडचण वाटेल.

1970 नंतरच्या मृत्यूंसाठी ‘इन्से’ची, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची, खुली यादी वापरते. तिच्यात आईवडील नाहीत, वारस नाहीत, पण जन्मतारीख, जन्मगाव, मृत्यूचं ठिकाण आणि नोंद क्रमांक आहे. तो क्रमांक देऊन त्या नगरपालिकेकडे मृत्युदाखला मागता येतो, त्याला पैसे पडत नाहीत.