एसीचं आउटडोअर युनिट: भिंतीवर की सर्व्हिस बाल्कनीत?

मुंबईतल्या जुन्या इमारतींत आउटडोअर युनिट बाहेरच्या भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेलं असतं. फ्लॅटमधली जागा वाचते, मोकळी हवा मिळते, खर्चही कमी. पण गॅस भरायला येणारा मेकॅनिक खिडकीतून बाहेर निघून छज्ज्यावर उभा राहतो. एका हाताने ग्रिल धरायची, दुसऱ्या हाताने पान्याने तांब्याच्या नळीचा नट सोडवायचा. खारी हवा ब्रॅकेट आणि बोल्ट गंजवते. युनिटचं वजन तीस-चाळीस किलो! सेफ्टी बेल्ट लावला तरी तो अडकवणार कशाला? गंजलेल्या त्याच ग्रिलला?

सर्व्हिस बाल्कनीत, म्हणजे अशा युनिटसाठी ठेवलेल्या छोट्या बाल्कनीत, हा प्रश्न नकाशावरच सुटतो. दार उघडून आत जायचं, कमरेच्या वर कठडा, दोन्ही हात मोकळे. बेल्ट हा शेवटचा उपाय. पडण्याची जागाच न ठेवणं हा पहिला. अर्थात बिल्डर ‘सर्व्हिस बाल्कनी’ म्हणून दोन फुटांची कठडा नसलेली पट्टी देतात आणि तिथे जायला पुन्हा खिडकीच, तेव्हा तो नव्या नावाचा छज्जाच. दुसरी अडचण हवेची: अरुंद डक्टमध्ये एकावर एक युनिटं आली की खालची गरम हवा वरचं युनिट ओढतं, वीजबिल वाढतं. त्यामुळे बाजू उघडी हवी.

नवं घर घेताना मी बाल्कनीच निवडेन, पण आधी दार आणि कठडा बघून. जुन्या इमारतीत भिंतीला पर्याय नसेल, तर सोसायटीने निदान गच्चीच्या काँक्रीटमध्ये मेकॅनिकचा दोर अडकवायचे अँकर (पक्के हुक) इंजिनिअरकडून बसवून, तपासून घ्यावेत. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोर बांधणं बंद.