फोन कोंडायचा टायमरवाला डबा : उपयोगी आहे, पण पारदर्शक झाकणाचा घेऊ नका

घरात दहावीतली मुलगी आणि रात्री पांघरुणात रील्स, म्हणून हा मागवला. फोन आत टाकायचा, वरची चकती फिरवून वेळ लावायची, दाबलं की खटका बसतो आणि वेळ संपेपर्यंत झाकण हलत नाही. ॲप नाही, ब्लूटूथ नाही, आणि मला तेच आवडलं.

फोनमधली स्क्रीन टाइमची लिमिट आधी लावून बघितली होती पण लिमिट संपली की तिथेच 'थोडा वेळ अजून' टाइपचं बटण येतं आणि अर्धवट झोपेत अंगठा बरोब्बर त्यावर जातो. इन्स्टाग्रामने 2024 मध्ये टीन अकाउंट आणली, त्यात रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन गप्प असतात, चांगलंय, पण रील सरकवायला नोटिफिकेशन लागतंच कुठे? फीड कधी संपतच नाही तर पोरं थांबणार कशी.

आणि प्लीज सगळं पोरांच्या माथी मारू नका. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, मुळातच रात्री उशिरा वाढायला लागतं, दहाला झोप येत नाही म्हणतात ते नाटक नसतं. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते, सकाळी शाळेला उठायचं असतंच, मग कात्री लागते ती झोपेलाच. त्यात रोजची अपुरी झोप म्हणजे चिडचिड आणि उदासपणा आलाच, आणि मूड गेला की पुन्हा हातात फोन.

आता तक्रारी. झाकण पारदर्शक आहे!! मेसेज आला की डबा आतून उजळतो, टेबलावर घुर्रर्र होतं, आणि पोरगी फोन हातात नसताना फोनकडेच बघत बसते. आम्ही वर टॉवेल टाकतो. सकाळचा अलार्म फोनवर लावत असाल तर वेगळं घड्याळ घ्याच, नाहीतर अलार्म आत बोंबलतो आणि टायमर संपेपर्यंत ऐकत बसा. अर्जंट उघडायची सोय नाही, तेव्हा घरात दुसरा फोन बाहेर असू द्या.

मेन गोष्ट, डबा झोपायच्या तासभर आधी लावा, अगदी लाइट घालवताना नको. सगळे नुसत्या स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाला शिव्या घालतात आणि नाइट मोड लावून निवांत होतात, पण आपल्याला न बोलावता मैत्रिणी कुठे गेल्या त्याचे फोटो दिसले की ते डोक्यात फिरत राहतं, त्याला डबा काय करणार? तासभर मिळाला तर निदान बोलून तरी होतं. मूल सतत खचलेलं, कशातच रस नाही असं दिसत असेल तर मात्र डबे मागवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

साडेतीन स्टार. घ्यायचा तर दोन फोन मावतील असा मोठा घ्या, यात एकच बसतो आणि "बाबा, तुमचा?" हा प्रश्न पहिल्याच रात्री येतो.